देवांची मोजदाद

पनवेलच्या जुन्या वस्तीत १८४९ साली बांधलेलं बेथ एल सिनेगॉग अजून उभं आहे. त्याच गावात मोहल्ल्यातल्या मशिदी आहेत, विरूपाक्षाचं देऊळ आहे, जैन मंदिरं आहेत, बुद्धविहार आहेत, चर्च आहे. कर्नाळा किल्ल्यावर कर्णाई आहे. डोंगराकडेच्या ठाकर-कातकरी वाड्यांवर वाघदेव आहे. जानेवारी २०२५ मध्ये खारघरला इस्कॉनच्या राधा-मदनमोहन मंदिराचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झालं, तेही आता याच यादीत धरायला हवं.

धर्मांचा तौलनिक अभ्यास शिकवणारं कुठलंही पाठ्यपुस्तक या सगळ्यांची चार खणांत वाटणी करून मोकळं होईल. सिनेगॉग, मशीद, चर्च एकेश्वरवादाच्या खणात. देवळं अनेकदेववादाच्या. विहार आणि जिनालय निरीश्वरवादाच्या. वाड्यावरचा वाघ, झाड, धोंडा यांना इंग्रजी पुस्तकांनी जे नाव दिलं त्याचा मराठी अवतार ‘जडप्राणवाद’, म्हणून तो चौथा खण. ही वाटणी सोयीची आहे, परीक्षेत गुणही मिळवून देते. पण रायगड जिल्ह्यातली प्रत्यक्ष माणसं त्या खणांत घालायला गेलं की एकही खण नीट मिटत नाही.

मुळात देव मोजून धर्म ओळखायची ही सवय आली कुठून? युरोपात डेव्हिड ह्यूमने १७५७ मध्ये धर्माच्या नैसर्गिक इतिहासावर लिहिताना मांडलं की माणूस आधी अनेक देव पुजत होता, एक देव नंतर आला. ई. बी. टायलरने १८७१ मध्ये त्याच्याही खाली एक पायरी घातली, वस्तूवस्तूत आत्मा पाहण्याची. झाला जिना तयार: खाली आदिवासी, मध्ये हिंदू आणि ग्रीक, वरच्या मजल्यावर ख्रिस्ती. विल्हेल्म श्मिट या कॅथलिक धर्मगुरूने १९१२ पासून खंडामागून खंड लिहून हा जिना उलटा करून पाहिला. त्याच्या मते आधी एकच देव होता, पुढे माणसं बहकली. आज या दोन्ही मांडण्या तशाच्या तशा स्वीकारणारे अभ्यासक शोधावे लागतात. मधल्या काळात माक्स म्युलरची वेगळीच पंचाईत झाली होती. ऋग्वेदातला ऋषी इंद्राचं सूक्त गाताना इंद्रालाच सर्वश्रेष्ठ म्हणतो आणि अग्नीकडे वळला की अग्नीला. याला कुठल्या खणात टाकायचं? त्याने नवा खण केला: एका वेळी एकच देव, पण आळीपाळीने. खण कमी पडला की नवा करायचा, ही या शास्त्राची जुनी खोड.

मराठीत हा जिना मिशनऱ्यांबरोबर आला. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत पोहोचलं, स्कॉटिश मिशनचा जॉन विल्सन १८२९ मध्ये. विल्सनने मोरभट दांडेकरांशी जाहीर वाद घातले, पुढे पारशांशीही घातले. पारशांना त्याचं म्हणणं असं, की तुमचा धर्म दोन तत्त्वांचा, एक चांगलं, एक वाईट, तेव्हा तुम्ही एकेश्वरवादी कसले? हिंदूंसाठी तर तेहतीस कोटींचा आकडा हाताशीच होता. रायगडच्याच शिरवलीत १८२५ साली जन्मलेले विष्णुबावा ब्रह्मचारी १८५७ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर मिशनऱ्यांशी वाद करत होते. या वादांतली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. आमचे बहुतेक पंडित ‘देव मोजायचे कशाला?’ असं विचारायच्या भानगडीत पडले नाहीत. ‘आमच्याकडेही शेवटी एकच आहे’ हे सिद्ध करण्यात ते गुंतले आणि उलट ख्रिस्ती त्रैक्याच्या तीन आकड्याकडे बोट दाखवू लागले. मोजपट्टी समोरच्याची, माप मात्र आपलं बरोबर, असा हा युक्तिवाद. सुधारकांनी तर ती मोजपट्टी मनापासून उचलली. १८४९ मध्ये, म्हणजे पनवेलचं सिनेगॉग बांधलं त्याच वर्षी, मुंबईत गुप्तपणे परमहंस सभा स्थापन झाली. १८६७ मध्ये प्रार्थना समाज आला आणि न्यायमूर्ती रानड्यांनी ‘एकेश्वरनिष्ठांची कैफियत’ लिहिली.

जोतीराव फुल्यांचा ‘निर्मिक’ वरवर याच रांगेतला दिसतो, पण त्याचं काम वेगळं आहे. रानड्यांना एका देवामुळे मनाची शुद्धी आणि भक्तीची सरळ वाट हवी होती. फुल्यांना वारसाहक्क हवा होता. निर्माता एक, तर त्याची लेकरं सगळी सारखी, मग विहीर कुणा एकाची कशी? १८९१ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त देवाच्या स्वरूपाची चर्चा थोडी आहे, माणसांच्या हक्कांची पुष्कळ.

एका देवाची कडक कल्पना मराठीला इंग्रजांनी दिली, असं मात्र कुणी समजू नये. तेराव्या शतकात चक्रधरांनी सांगितलेल्या महानुभाव तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ पूर्णपणे वेगळे आहेत. देवता आहेत, त्यांची संख्याही आहे: एक्याऐंशी कोटी सव्वा लक्ष दहा. पुराणांच्या तेहतीस कोटींपेक्षा किती तरी जास्त. पण यातली एकही देवता मोक्ष देऊ शकत नाही. तो फक्त परमेश्वर देतो, म्हणून देवतांची भक्ती करायची नाही. आता हे कुठल्या खणात? देव मोजले तर जगातली ही सर्वांत गजबजलेली व्यवस्था, आणि भक्ती पाहिली तर मशिदीइतकी एकाग्र. खारघरचं इस्कॉन मंदिर याच प्रश्नाचं दुसरं रूप आहे. गौडीय वैष्णवांच्या मते कृष्ण हाच स्वयं भगवान आणि बाकीचे देव त्याचे सेवक. पनवेलचा माणूस तिथे दर्शनाला जाताना वाटेत गणपतीला हात जोडतो तेव्हा त्या मंदिराच्या सिद्धांताशी त्याचं जुळत नाही, पण त्याला कुणी अडवतही नाही.

उलट टोकाला पूर्वमीमांसा. यज्ञ काटेकोर, आहुती असंख्य देवतांना, आणि जगाचा कर्ता ईश्वर मात्र मान्य नाही. देवता म्हणजे मंत्रातलं नाव, जिला उद्देशून हवी द्यायचा ती. इतका कर्मठ आणि इतका निरीश्वर संप्रदाय युरोपीय वर्गीकरणाच्या स्वप्नातही आला नसेल.

आता पनवेलच्या सिनेगॉगकडे. बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले. सात पुरुष आणि सात बाया वाचल्या. (चित्पावनांच्या कथेतही समुद्राने किनाऱ्यावर टाकलेली चौदा प्रेतं आहेत. कोकणचा समुद्र एकच गोष्ट दोघांना सांगून गेलेला दिसतो.) या लोकांजवळ पुस्तक उरलं नाही, हिब्रू विसरली गेली. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आडनावंही गावांवरून पडली: नवगावकर, पेणकर, दिवेकर, राजपूरकर, पनवेलकर.

पुढे कधी तरी डेव्हिड राहबी नावाचा ज्यू व्यापारी तिथे आला. त्याचा काळ इतिहासकारांत वादाचा आहे, पण कथा ठाम आहे. हे लोक खरंच यहुदी आहेत का ते पाहायला त्याने बायांना मिसळलेले मासे शिजवायला दिले. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे वेगळे काढले आणि बिनखवल्यांचे बाजूला सारले. राहबीची खात्री पटली. एकेश्वरवादाच्या आढाव्यात ही गोष्ट मला सिनाय पर्वतावरच्या आज्ञांइतकीच महत्त्वाची वाटते. त्याने कुणाला देव किती असं विचारलं नाही. शास्त्र गेलं, भाषा गेली, राहिलं ते ‘शमा’ या प्रार्थनेचं उच्चारण, मुलांची सुंता, शनिवार आणि माशांची निवड. म्हणजे शतकानुशतकं, चहूबाजूंनी देवळं असताना, एका देवावरचा विश्वास टिकला तो सिद्धांतापेक्षा काय करायचं नाही या यादीवर. घाणा फिरवायचा नाही, हा मासा खायचा नाही, त्या मूर्तीपुढे वाकायचं नाही.

याच समाजात मलिदा आहे. नवस फेडताना, लग्नाआधी, घर घेतल्यावर पोहे, ओलं खोबरं, गोड आणि फळं यांचं ताट मांडून एलियाहू हनबीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं, नाव घेतलं जातं. अलिबागजवळ सागाव-खंडाळ्याला एक खडक आहे. एलियाहू इथे प्रगटला आणि त्याच्या रथाच्या चाकांच्या व घोड्यांच्या खुणा त्यावर उमटल्या, असं मानतात. नवस बोलायला बेने इस्राएल तिथे जातात. मलिदा हे नाव दर्ग्यावर चढणाऱ्या प्रसादाचंही आहे. जगातल्या दुसऱ्या कुठल्या ज्यू समाजात हा विधी या रूपात नाही. मग हा एकेश्वरवादाला लागलेला कोकणी गंज म्हणायचा का? मला तसं वाटत नाही. प्रार्थना एका देवाचीच होते, एलियाहू फक्त साक्षीला असतो, असं समाजातली जाणती माणसं सांगतात, आणि ते तर्काला धरून आहे. पण आजारी मुलासाठी कुणाच्या नावाने ताट मांडायचं, हा प्रश्न देव एक आहे या उत्तराने सुटत नाही. तिथे जवळचा, ओळखीचा, गावाजवळच्या खडकावर येऊन गेलेला कुणी तरी लागतो.

मिशनऱ्यांनी या समाजाला ख्रिस्ती करण्याची आशा धरून शाळा काढल्या. विल्सनने मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. ख्रिस्ती फार थोडे झाले. बाकीच्यांनी ते व्याकरण घेऊन आपली प्रार्थना पुन्हा वाचायला सुरुवात केली. जोसेफ एझिकिएल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १८८० च्या सुमारास या लोकांनी हरिदासी ढंगाची कीर्तनंच सुरू केली, आख्यान मात्र अब्राहमाचं. रूप शेजाऱ्याचं, निषेध आपला. हा समाज नमुनेदार समतेचा होता असंही नाही. गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल हा भेद पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला, रोटीबेटीपर्यंत. फुल्यांनी एका निर्मात्यातून समता काढली ती त्यांच्या मनाची थोरवी. एका देवामुळे समता आपोआप येत असती तर गोव्याच्या ख्रिस्ती समाजात बामण आणि चारडो उरले नसते.

इस्राएलच्या प्राचीन इतिहासातही एक देव एका दिवसात आला नाही. सिनायच्या वाळवंटात कुंतिलेत अजरुद इथे १९७५-७६ मध्ये उत्खनन झालं. तिथे मिळालेल्या इ. स. पूर्व आठशेच्या आसपासच्या लेखांत याहवेच्या जोडीला ‘त्याची अशेरा’ असा उल्लेख आहे. अशेरा म्हणजे देवी की तिचं पूजाचिन्ह, यावर वाद आहे. पण देव एकच आहे यापेक्षा ‘तुम्ही दुसऱ्याला भजायचं नाही’ हे आधीचं, एवढं मात्र बहुतेक अभ्यासक मान्य करतात.

मराठी कुळधर्म याच्या फार दूर नाही. आगरी-कोळी घराला विचारा देव किती, तर हसतील. कुलदैवत विचारा, एका श्वासात उत्तर येईल: एकवीरा. चैत्रातल्या यात्रेला पनवेल-उरणची गावं कार्ल्याच्या डोंगरावर जातात. बाजूलाच दोन हजार वर्षांचा बौद्ध चैत्य आहे, त्याच्या खांबांवर दान देणाऱ्या यवनांची नावं आहेत आणि त्याच्या तोंडाशी देवीचं ठाणं. घरात लग्न ठरलं तर पहिला मान एकवीरेचा. शेतात पेरणी असेल तर गावदेवीचा. रात्री शिवेवरून जायचं असेल तर चेड्याचा किंवा वेताळाचा. शनीची पीडा असेल तर मारुती. याला देवांची गर्दी म्हणणं म्हणजे सरकारी कचेरीला कारकुनांची गर्दी म्हणण्यासारखं आहे. टेबलं वेगळी आहेत आणि कुठला अर्ज कुठे द्यायचा हे गावातल्या म्हातारीला पक्कं ठाऊक असतं. तुकोबांनी जाखाई-जोखाईंची थट्टा केली ती वारकऱ्यांना पाठ असते, तरी वारी करून आलेला माणूस गावदेवीच्या पालखीला खांदा देतो.

ह्यूमचा दुसरा मुद्दा आपल्याकडे फार आवडीने सांगितला जातो: अनेक देव मानणारे सहिष्णू असतात, एक देव मानणारे असहिष्णू. इजिप्तचे गाढे अभ्यासक यान आसमान यांनी १९९७ च्या पुस्तकात हे अधिक नेमकं केलं. प्राचीन जगात एका देशाच्या देवाचं दुसऱ्या देशाच्या देवात भाषांतर होत असे, हा तुमचा सूर्यदेव तो आमचा सूर्यदेव. मोझेसच्या नावाने खरा धर्म आणि खोटा धर्म असा भेद आला आणि हे भाषांतर थांबलं. महाराष्ट्रात भाषांतराची चंगळ आहे. खंडोबा मार्तंडभैरव आहे आणि त्याला मल्लूखानही म्हणतात. मलंगगडावरच्या हाजी मलंगच्या दर्ग्याची वहिवाट कल्याणच्या ब्राह्मण केतकर घराण्याकडे राहिली. अलीकडे त्याच गडावर मच्छिंद्रनाथांची समाधी असल्याचा दावा जोरात आहे, म्हणजे भाषांतराच्या जागी मालकीचा दावा आला. एकेश्वरवाद्यांकडे एकमत आहे असंही समजू नये. दर्ग्यावर चादर चढवावी की नाही, यावर कोकणातल्या मुसलमानांत जुने मतभेद आहेत.

तरीही ह्यूमचं म्हणणं अर्धंच खरं. पनवेलहून दक्षिणेला त्याच जिल्ह्यात महाड आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली, तेव्हा ते तळं बाटलं म्हणून शुद्ध करून घेणारे लोक तेहतीस कोटी देव मानणारेच होते. त्याच तळ्यावर मुसलमान आणि ख्रिस्ती पाणी भरत, ते चालत असे. परक्या देवाला इथे जागा होती, आपल्याच माणसाला नव्हती. अनेकदेववादाची उदारता देवांपुरती होती, आणि तिचं कौतुक करणाऱ्या बहुतेक लेखांत महाडचं नाव येत नाही.

म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या बावीस प्रतिज्ञा या विषयात मध्यवर्ती ठरतात. पाठ्यपुस्तक त्यांना निरीश्वरवादाच्या खणात ढकलेल. पण त्यांची बांधणी पाहा. सुरुवातच नावं घेऊन नाकारण्याने होते: ब्रह्मा, विष्णू, महेश मानणार नाही, मग राम-कृष्ण, मग गौरी-गणपती, मग बुद्ध विष्णूचा अवतार आहे हा खोटा प्रचार. रिकाम्या जागी देव बसवलेला नाही, तरी हा निषेध सिनायच्या पहिल्या आज्ञेच्या जातीचा आहे. भाषांतर इथे मुद्दाम बंद केलं. बुद्धाला विष्णू करणाऱ्या सोयीस्कर समन्वयातच आपली गळचेपी होते, हे आंबेडकरांनी ओळखलं होतं. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात नोंदले गेले. घरातले जुने देव विसर्जित करणं हा त्या पिढीचा दीक्षेइतकाच मोठा विधी होता. शनवार तेल्याच्या बंद घाण्यात आणि नवबौद्ध घरातल्या रिकाम्या देव्हाऱ्यात मला जितकं साम्य दिसतं, तितकं दोन एकेश्वरवादी धर्मांतही कधी कधी दिसत नाही.

जैनांबद्दल थोडक्यात: जगाचा कर्ता नाही हे तत्त्व पक्कं, आणि पद्मावती देवीपुढे नवसही पक्का. तिकडेही टेबलं वेगळी.

सरकारला मात्र एकच रकाना लागतो. १९११ च्या जनगणनेत मुंबई इलाख्यात काही जमातींची नोंद ‘हिंदू-मुसलमान’ अशी झाली होती, कारण त्या दोन्हीकडचं पाळत. वरिष्ठांना ते आवडलं नाही. आदिवासींसाठी इंग्रजी अमदानीत वेगळी नोंद होई, १९५१ पासून ती गेली. २०११ मध्ये देशात सुमारे ४९ लाख ५७ हजार लोकांनी ‘इतर’ रकान्यात ‘सरना’ हा आदिवासी धर्म लिहवून घेतला, बहुतेक झारखंड आणि शेजारच्या राज्यांतले. पनवेलच्या डोंगरातला ठाकर असं काही लिहवत नाही. त्याच्या वाघबारशीला नाव देणारा रकाना नाही आणि त्याने तो मागितलेलाही नाही. २०२७ च्या जनगणनेत सरनासाठी वेगळा रकाना हवा, ही झारखंडमधली मागणी मात्र पुन्हा जोर धरून आहे.

वाघदेव, गावदेवी आणि चेडा यांच्याबाबतीत संख्येपेक्षा जागेचा प्रश्न मोठा आहे. ते त्या शिवेचे, त्या झाडाखालचे. पुस्तकातला देव गाठोड्यात बांधून नेता येतो, शिवेवरचा येत नाही, असं धर्माभ्यासात मानतात. पनवेल तालुक्यात त्याची परीक्षाच झाली. नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावं उठली. घरांच्या भरपाईच्या वाटाघाटीत देवळांचे भूखंड हाही विषय होता, आणि पुनर्वसनाच्या वसाहतींत गावदेव्या नव्या देवळांत बसवल्या गेल्या. वाघिवलीवाड्याच्या टेकडीतली केरूमाता गावाची देवी. तिथल्या गुहा प्राचीन बौद्ध लेणी आहेत, त्या वाचवा, असं बौद्ध संघटना म्हणत होत्या. टेकडी सपाट झाली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं.

तिकडे १९४८ नंतर पनवेल, पेण, अलिबागहून इस्राएलला गेलेले बेने इस्राएल लोद, अश्दोद, दिमोना, बीरशेबा इथे वसले. १९६४ पर्यंत त्यांना तिथल्या धर्मपीठाशी झगडावं लागलं, तुम्ही पुरते ज्यू आहात का म्हणून. अखेर संसदेला त्यांच्या बाजूने ठराव करावा लागला. एलियाहूच्या नावाची जुनी गुहा तिथे हैफाच्या कार्मेल डोंगरात आहेच. पण सुट्टीत भारतात आले की ते सागाव-खंडाळ्याच्या खडकाकडे जातात. मलिदा आता अश्दोदमध्येही मांडला जातो, आणि त्यात पोहे असतात.